राग, बैठक आणि चळवळ

(बंगळूरजवळ होसकोटे येथे मराठी भाषक कामगारांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण. बोलण्याच्या ओघातील पुनरुक्ती तेवढी गाळली आहे.)



माझे काम भाषणे करण्याचे नाही. दुसऱ्यांची भाषणे मराठीत आणण्याचे आहे. अनुवादकाला व्यासपीठावर बसवले की त्याची जी अवस्था होते ती आज माझी झाली आहे. समोर मूळ संहिता नाही, आणि चुकले तर दोष कोणावर ढकलायचा हेही ठरलेले नाही.

होसकोटे या गावाचा मराठीशी संबंध आजचा नाही. होसकोटे म्हणजे नवा कोट. शहाजीराजांच्या कर्नाटकातील जहागिरीत बंगळूर, कोलार यांच्याबरोबर हा मुलूखही होता. पुढे १७६८ च्या ऑगस्टमध्ये मुरारराव घोरपड्यांची फौज इंग्रजांच्या बाजूने येथे तळ ठोकून असता हैदर अलीने तिच्यावर रात्री छापा घातला. म्हणजे मराठी बोलणारी माणसे या भागात पूर्वीही आली. पण ती कोणाच्या तरी फौजेबरोबर, कोणाच्या तरी सुभ्याच्या कामासाठी आली. तुम्ही आम्ही बेळगाव, खानापूर, निपाणी, बिदर, सोलापूर इकडून आलो ते पोटासाठी. आणि येथे आपली गाठ पडली ती कन्नड, तेलुगू, तमिळ, ओडिया, हिंदी बोलणाऱ्या, आपल्यासारख्याच पोटासाठी आलेल्या माणसांशी.

सकाळच्या सत्रात एका साथीने प्रश्न विचारला. तो मला इतका योग्य वाटला की मी लिहून आणलेली टिपणे बाजूला ठेवून त्याचाच विचार करणार आहे. तो म्हणाला, "अन्याय तर रोजचा आहे, मग चळवळ रोज का होत नाही?"

या प्रश्नाला आपल्याकडे एक ठरीव उत्तर आहे. परिस्थिती परिपक्व झाली म्हणजे चळवळ होते, असे आपण सांगतो. हे उत्तर चुकीचे नाही. परंतु ते घटना घडून गेल्यानंतर देता येते, आधी देता येत नाही. ज्याला उद्या सकाळी फाटकावर उभे राहायचे आहे त्याला त्याचा फारसा उपयोग नाही.

प्रथम शब्दांविषयी थोडेसे, कारण तो माझा धंदा आहे. इंग्रजी मजकूर समोर आला की एकाच शब्दासाठी मला मराठीत 'चळवळ' आणि 'आंदोलन' यांतून निवड करावी लागते. वर्तमानपत्रांत हे दोन्ही शब्द एकाच अर्थी वापरले जातात. पण आंदोलन या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ झोका, हेलकावा असा आहे. झोका कितीही उंच गेला तरी तो परत मूळच्या जागी येतो. चळवळ या शब्दात चळणे आहे, जागा सोडणे आहे. कन्नडमध्येही हाच शब्द 'चळुवळि' या रूपाने रूढ आहे, ही गोष्ट आपल्याला येथे काम करताना उपयोगी पडेल. व्युत्पत्तीने राजकारण सिद्ध होत नाही, हे मला ठाऊक आहे. परंतु आज मी ज्या घटना सांगणार आहे त्या समजून घेण्यास हा भेद कामाला येतो, म्हणून तो आधी सांगितला.

पहिली घटना याच शहरातील, आणि तुमच्यापैकी काही जणींनी ती रस्त्यावर उभे राहून पाहिलेली आहे. १० फेब्रुवारी २०१६ रोजी केंद्र सरकारने भविष्य निर्वाह निधीच्या योजनेत दुरुस्ती करणारी अधिसूचना काढली. तिच्यामुळे नोकरी सुटल्यावर मालकाच्या हिश्श्याची रक्कम वयाच्या ५८ व्या वर्षापर्यंत काढता येणार नव्हती. दिल्लीत बसून हा नियम करणाऱ्यांना तो कामगारांच्या म्हातारपणाच्या हिताचा वाटला असेल. पण बंगळूरच्या कपड्यांच्या कारखान्यांत मशीनवर बसणारी बाई त्या वयापर्यंत मशीनवर टिकत नाही. पाठ, डोळे आणि सुपरवायझरची जीभ तिला त्याच्या कितीतरी आधी बाहेर काढतात. तिच्या आयुष्यात एकरकमी पैसा दिसतो तो पीएफचाच. नोकरी सोडायची, पीएफ काढायचा, मुलीची फी किंवा सावकाराचे देणे भागवायचे, आणि पुन्हा दुसऱ्या कारखान्यात नव्याने लागायचे, हे तिच्या जगण्याचे गणित होते. नियमाने ते गणितच मोडले.

१८ एप्रिलला, सोमवारी, होसूर रस्त्यावरील कारखान्यांतून बायका बाहेर पडल्या. एक कारखाना बाहेर आला, त्याने शेजारच्याला हाक दिली. दुसऱ्या दिवशी शहराच्या इतर औद्योगिक भागांतही हजारो कामगार रस्त्यावर होते. कोणत्याही युनियनने हाक दिली नव्हती. कोणाचे व्यासपीठ नव्हते, झेंडा नव्हता, निवेदन घेऊन जाणारे शिष्टमंडळ नव्हते. लाठीमार झाला, अश्रुधूर झाला, दगडफेक झाली, बसगाड्या जळाल्या. आणि १९ तारखेच्या संध्याकाळी केंद्रीय कामगारमंत्री बंडारू दत्तात्रेय यांनी अधिसूचना मागे घेतल्याचे जाहीर केले. जी गोष्ट निवेदनांनी झाली नव्हती ती बंगळूरच्या शिलाई कामगार स्त्रियांनी दोन दिवसांत करून दाखवली, आणि ती देशभरातील कोट्यवधी खातेदारांसाठी करून दाखवली. हा विजय लहान नव्हता. आपल्या पुस्तकांत त्याला अजून त्याच्या मोलाची जागा मिळालेली नाही.

पण प्रश्न त्यानंतर सुरू होतो. २० एप्रिलला काय झाले? कारखाने सुरू झाले. त्याच बायका त्याच मशीनवर बसल्या. उत्पादनाचे लक्ष्य तेच, सुपरवायझर तोच, शौचालयाला गेल्याची मिनिटे मोजणे तेच. चार वर्षांनी, २०२० साली, करोनाचे कारण पुढे करून राज्य सरकारने किमान वेतनातील महागाई भत्त्याची वाढ लांबणीवर टाकली. त्या आदेशाला उच्च न्यायालयाने स्थगिती दिली, तरीही बहुतेक कारखान्यांत ती वाढ पुष्कळ काळ मिळाली नाही. रक्कम दरमहा थोडी, पण लाखो पगारांतून कापली जाणारी. त्या वेळी होसूर रस्ता रिकामा होता. टाळेबंदी होती, नोकरी जाण्याची भीती होती, हे सर्व खरे. परंतु हेही खरे की २०१६ मध्ये ज्या हातांनी एकमेकींना फाटकाबाहेर ओढले त्या हातांना पुन्हा एकमेकींपर्यंत पोचण्याचा रस्ता राहिलेला नव्हता. जे काही झाले ते लहान लहान युनियनांनी कोर्टात आणि कचेऱ्यांत चिकाटीने केले, आणि तेही फार थोड्या सभासदांच्या बळावर.

याला कोणी उत्स्फूर्ततेचा दोष म्हणेल. मी तो शब्द जपून वापरते, कारण आपल्याकडे त्याचा उपयोग लोकांना नावे ठेवण्यासाठी फार झाला आहे. बायका संघटनेशिवाय बाहेर आल्या यात दोष त्यांचा नाही. त्या बाहेर आल्या त्या दिवशी आपण कुठे होतो, हा त्यातला प्रश्न आहे.

आपल्या इतिहासात अशी आणखी एक घटना आहे, आणि तिच्याविषयी आपण फार अभिमानाने बोलतो. जुलै १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, आणि मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. लेनिनने त्याची दखल घेतली, हे आपण प्रत्येक अभ्यासवर्गात सांगतो. मीही ते वाक्य निदान दहा वेळा अनुवादित केले असेल. परंतु सातव्या दिवशी काय झाले, हे मात्र आपण सांगत नाही. सातव्या दिवशी गिरण्या सुरू झाल्या. कामगारांची स्वतःची युनियन नव्हती आणि त्या संपातून ती निघालीही नाही. त्यासाठी आणखी बरीच वर्षे जावी लागली.

आणि अगदी अलीकडची गोष्ट, याच महामार्गावरून कोलारच्या दिशेने पुढे गेल्यावर लागणाऱ्या नरसापुरा येथील. १२ डिसेंबर २०२० रोजी सकाळी तेथील विस्ट्रॉन कंपनीच्या मोबाइल फोन जोडणीच्या कारखान्यात कामगारांनी काचा, यंत्रे, गाड्या फोडल्या. बहुसंख्य कामगार कंत्राटी होते, वेगवेगळ्या ठेकेदारांमार्फत भरलेले, पुष्कळसे शिकलेले तरुण. पगार कमी पडत होते, उशिरा पडत होते, जादा वेळेचा हिशेब लागत नव्हता. तोडफोडीनंतर काही दिवसांतच कंपनीने कबूल केले की काही कामगारांना पगार बरोबर व वेळेवर दिले गेले नव्हते, आणि आपल्या एका उपाध्यक्षाला पदावरून दूर केले. म्हणजे कामगारांची तक्रार खरी होती. परंतु तोपर्यंत शंभराहून अधिक कामगार अटकेत होते. खऱ्या तक्रारीला सांगण्याची जागा मिळाली नाही, तेव्हा ती काचेवर जाऊन आदळली. मालकाने माफी मागितली आणि कामगार तुरुंगात गेला, अशी ही चमत्कारिक वाटणी आहे.

आता १९२८ च्या मुंबईकडे चला. येथे मी जरा थांबणार आहे, कारण आपल्या साथीच्या प्रश्नाचे उत्तर मला त्या सालात सापडते, आणि त्या उत्तरातील उणीवही त्याच सालात सापडते.

गिरणी मालकांनी त्या काळात नवी योजना आणली होती. विणकराने दोनऐवजी तीन साचे चालवायचे, कातकऱ्याने अधिक चात्या पाहायच्या, म्हणजे काम वाढणार, माणसे कमी होणार आणि मजुरी घटणार. एकेका गिरणीत संप सुरू झाले आणि २६ एप्रिल १९२८ पासून ते सार्वत्रिक झाले. सुमारे दीड लाख कामगार सहा महिन्यांच्या आसपास बाहेर राहिले. मे महिन्यात गिरणी कामगार युनियन स्थापन झाली तेव्हा तिचे सभासद ३२४ होते. त्या वर्षीच्या डिसेंबरात ते ५४,००० झाले.

हा आकडा आपण सगळेच सांगतो. पण ३२४ चे ५४,००० कसे होतात? भाषणांनी होत नाहीत. डांगे, मिरजकर, निंबकर, जोगळेकर ही वक्तृत्वाची माणसे होती, आणि 'क्रांती' हे साप्ताहिकही होते. परंतु सहा महिने पोटाला चिमटा घेऊन राहण्याचे बळ वक्तृत्वाने येत नाही. त्यासाठी गिरणीतील माणसाचे जुने बांधलेपण समजून घेतले पाहिजे. गिरणीत कामाला लावणारा जॉबर. दस्तुरी घेणारा जॉबर. चाळीत खोली मिळवून देणारा, अडचणीला पैसे देणारा, मारामारीत पाठीशी उभा राहणारा आणि उद्या कामावरून काढणारासुद्धा तोच. कामगार एकटा नव्हता. तो जॉबरच्या टोळीत होता. म्हणून 'असंघटित कामगार' हा आपला शब्द मला कधी कधी फसवा वाटतो. माणूस बहुधा कोणत्या ना कोणत्या संघटनेत असतोच. ती मालकाच्या सोयीची असते इतकेच. आजच्या ठेकेदाराकडे पाहा. गावाहून आणणारा तो, खोलीवर आठ जणांना ठेवणारा तो, आधार कार्ड ताब्यात ठेवणाराही पुष्कळदा तोच.

गिरणी कामगार युनियनने या जॉबरच्या टोळीसमोर दुसरी रचना उभी केली, ती गिरणी कमिट्यांची. प्रत्येक गिरणीतील कामगारांची निवडलेली कमिटी. वर्गणी ती गोळा करणार, तक्रार ती ऐकणार, मॅनेजरकडे ती जाणार, आणि संपकाळात धान्य वाटपाच्या वेळी कोणाच्या घरी खरोखर चूल पेटलेली नाही हे तिला ठाऊक असणार. युनियनचे अध्यक्ष अर्जुन आळवे हे स्वतः गिरणी कामगार होते. कामगाराला प्रथमच अशी जागा मिळाली की जेथे तो बसू शकत होता, बोलू शकत होता, आणि काल काय ठरले ते आज विचारू शकत होता. रागाला बसायला जागा मिळाली. चळवळ झाली ती तेव्हा.

मार्क्सने १८४७ मध्ये 'तत्त्वज्ञानाचे दारिद्र्य' या ग्रंथात जो विचार मांडला आहे त्याचा आशय हाच आहे. भांडवलाच्या समोर एकाच अवस्थेत ढकललेली माणसे वर्ग असतात खरी, पण ती स्वतःसाठी वर्ग होतात ती लढ्यात. मी त्यात एवढीच भर घालीन की लढ्याच्या दोन दिवसांच्या मधल्या दिवशी ती कुठे बसतात यावर ते पुष्कळसे अवलंबून आहे.

पण त्या बैठकीत कोण बसत होते, हाही प्रश्न आहे. येथे आपल्या इतिहासातील एक अवघड पान उलटावे लागेल. गिरणीतील साचे खाते म्हणजे विणकामाचे खाते. मजुरी तेथे चांगली. त्या खात्यात अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता. कारण असे सांगत की धोट्यात नवी कांडी घातली म्हणजे तिचा दोरा धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावा लागतो; मग एकाच धोट्याला सवर्णाचे आणि अस्पृश्याचे तोंड कसे लागेल? म्हणून अस्पृश्याने कमी मजुरीच्या खात्यांत राहायचे. हा नियम मालकाने लिहिलेला नव्हता. तो सवर्ण कामगारांनी चालवलेला होता, आणि मालकाला तो सोयीचा होता.

डॉ. आंबेडकरांनी १९२८ च्या संपात हाच प्रश्न पुढे ठेवला. अस्पृश्यांना सर्व खात्यांत काम करण्याचा हक्क तुमच्या मागण्यांत नसेल, तर त्यांनी तुमच्या संपात उपाशी का राहावे? त्यांच्या आग्रहानंतर हा मुद्दा मागण्यांत आला; पण तो सहज आला नाही, आणि मागणीपत्रावर आला म्हणून साच्यापाशी आला असेही झाले नाही. आपल्या पुस्तकांतून ही गोष्ट एका वाक्यात उरकली जाते. मी अशी काही वाक्ये अनुवादिली आहेत, आणि अनुवाद करताना मला प्रत्येक वेळी वाटले आहे की येथे निदान एक परिच्छेद तरी असायला हवा होता.

२० मार्च १९२९ रोजी मीरत कटाच्या खटल्यासाठी पुढाऱ्यांना पकडले. आळवे त्यांत होते. त्याच वर्षीचा दुसरा सार्वत्रिक संप मोडला. त्या संपाला आंबेडकरांचा विरोध होता, आणि त्या विरोधाला आपण पूर्वी कोणती विशेषणे लावली ती जुने अंक चाळणाऱ्याला आढळतील. मला असे वाटते की पराभवाची कारणे मोजताना दडपशाही आणि बेकारी यांच्याबरोबर तो धोटाही मोजला पाहिजे. याचा पुरावाही इतिहासानेच दिलेला आहे. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध मुंबईत जो एक दिवसाचा संप झाला तो कम्युनिस्ट आणि आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष यांनी मिळून केला. लाल बावटा आणि स्वतंत्र मजूर पक्षाचा झेंडा एका सभेत दिसले. पुढे ते पुन्हा दूर गेले, त्याची चर्चा आजचा विषय नाही. दहा वर्षांपूर्वी जे अशक्य होते ते एक दिवस तरी शक्य झाले, एवढे येथे पुरे.

त्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे १९३७ साली विधानसभेत निवडून आलेले शामराव परुळेकर पुढे कम्युनिस्ट पक्षात आले, आणि त्यांच्या व गोदावरीबाईंच्या नावाशी जी चळवळ जोडली गेली ती ठाणे जिल्ह्यातील वारल्यांची. हे उदाहरण मी मुद्दाम गिरणीनंतर घेते, कारण तेथे कारखाना नव्हता, एकत्र आणणारे फाटक नव्हते, आणि अक्षरओळखही नव्हती. विखुरलेले पाडे, जमीनदारांची वेठ, आणि लग्नगडी. लग्नासाठी घेतलेल्या थोड्याशा कर्जापायी नवरा-बायको दोघेही धन्याच्या घरी राबणार, आणि ते कर्ज कधी फिटणार नाही, ही पद्धत. अन्याय पिढ्यानपिढ्यांचा. मग १९४५ मध्येच काय झाले?

त्या वर्षीच्या जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली. उंबरगाव भागातून काही वारली तेथे आले. त्यांतील माह्या धांगडा व्यासपीठावर उभा राहून आपल्या लोकांची हकिकत बोलला. नंतर गोदावरीबाई त्या जंगलपट्टीत हिंडू लागल्या. वकिलीची पदवी घेतलेली पुण्याची बाई. पण 'जेव्हा माणूस जागा होतो' हे त्यांचे पुस्तक ज्यांनी वाचले आहे त्यांना ठाऊक आहे की तेथे त्यांना बोलण्याआधी ऐकायला शिकावे लागले. २३ मे १९४५ रोजी झरी येथे हजारो वारली जमले आणि त्यांनी काही गोष्टी ठरवल्या. वेठ करायची नाही. जमीनदाराच्या शेतावर रोजी बारा आण्यांखाली काम करायचे नाही. सर्वांनी एक राहायचे. ठराव असा, की कागदावर नसला तरी चालेल. ज्याने ऐकला तो चालत जाऊन पुढच्या पाड्यावर जसाच्या तसा सांगू शकेल. आणि तो तसा गेला. काही आठवड्यांच्या आत लग्नगडी धन्यांची घरे सोडून बाहेर पडले. कायदा झाला नव्हता, न्यायालयाने निकाल दिला नव्हता. माणसांनी मिळून एक गोष्ट करायची थांबवली, आणि ती थांबली. समाज बदलणे म्हणजे काय, असे कोणी मला विचारले तर मी प्रथम हे उदाहरण देईन.

मात्र त्याच निरोपाच्या वाटेने घात झाला. ऑक्टोबरात गवत कापणीच्या मजुरीचा संप सुरू होता. पाचशे पौंडांना अडीच रुपये ही मागणी होती. बाईंची सभा आहे, त्यांच्या जिवाला धोका आहे, अशी खोटी बातमी जमीनदारांच्या माणसांनी पाड्यापाड्यांवर पसरवली. १० ऑक्टोबरला वारली तलवाडा येथे हजारोंनी जमले, आणि पोलिसांनी गोळीबार केला. पाच माणसे मेली. त्यांत जेठ्या गांगड होता. ज्या विश्वासावर चळवळ उभी होती तोच विश्वास शत्रूने वापरला. निरोप कोणाकडून आला, तो खरा की खोटा हे कसे ताडायचे, हे ठरवणारी माणसे पाड्यापाड्यांवर असावी लागतात. हा धडा त्या पाच माणसांनी आपल्याला फार महाग किमतीला दिला. आज आपल्या प्रत्येकाच्या खिशात फोन आहे आणि तासाभरात दहा निरोप येतात, तेव्हा तो अधिकच लक्षात ठेवण्याजोगा आहे.

तेव्हा सकाळच्या प्रश्नाला माझे उत्तर असे. अन्याय रोजचा असतो आणि रागही रोजचा असतो. रोजची नसते ती बैठक. तुम्ही म्हणाल, हे फार साधे उत्तर झाले. ते साधे आहे खरे, पण करायला सोपे नाही, आणि होसकोट्यात तर मुळीच नाही. बंगळूरच्या सरकारी कारखान्यांतील कामगारांनी १९८०-८१ मध्ये ७७ दिवसांचा संप केला, तेव्हा आयटीआय, एचएएल, भारत इलेक्ट्रॉनिक्स या ठिकाणी कायम नोकरी होती, वसाहती होत्या, उपाहारगृह होते, एका खात्यात वीस वीस वर्षे शेजारी उभे राहिलेले लोक होते. बसायच्या जागा आधीपासून होत्या. येथील गोदामांत आणि कारखान्यांत कंत्राट अकरा महिन्यांचे. शेजारी उभा असलेला माणूस कोणती भाषा बोलतो हे कळेपर्यंत तो दुसऱ्या ठेकेदाराकडे गेलेला असतो. ही व्यवस्था खर्च वाचवण्यासाठी आहे, तितकीच ती बैठक होऊ नये यासाठीही आहे.

आणि आपल्या बाजूनेही काही कमी चुका होत नाहीत. एक माझीच सांगते. मागे फाटकावर वाटण्यासाठी एक पत्रक मी मराठीत केले. 'भविष्य निर्वाह निधी', 'सामूहिक वाटाघाटींचा हक्क', 'प्रमुख नियोक्त्याचे दायित्व', सगळे अगदी शुद्ध. खानापूरकडच्या एका बाईंनी ते उलटसुलट करून पाहिले आणि मला विचारले, "ताई, सही कुठं करायची?" त्यांना तो सरकारी कागद वाटला होता. मी त्यांना तोंडी समजावले. त्यावर त्या म्हणाल्या, "मग असं लिवा की. पीएफ म्हणा, ठेकेदार म्हणा." त्या पत्रकाच्या उरलेल्या प्रती अजून कचेरीत आहेत, मागच्या कोऱ्या बाजूवर मी टिपणे काढते.

त्याच बाईंनी दुसरी गोष्ट सांगितली, ती अधिक महत्त्वाची. आपल्या बैठका संध्याकाळी सातला असतात. कारखाना सुटतो साडेपाच-सहाला, बस मिळून घरी पोचायला सात, मग पाणी, स्वयंपाक, मुले. सात ही पुरुषांची वेळ आहे. आपण ती ठरवताना कोणाला वगळण्याचा ठराव केला नव्हता. १९२८ मध्येही साचे खात्याविषयी कोणी तसा ठराव केला नव्हता.

म्हणून चर्चेच्या सत्रासाठी मी पुढील गोष्टी ठेवते. बैठक रविवारी दुपारी घेतली तर किती जणी येऊ शकतील, आणि तेवढा वेळ मुलांकडे कोण पाहील? हे पाहणारे पुरुष साथी असावेत, अशी माझी सूचना आहे. ओडिया आणि हिंदी बोलणाऱ्या पोरांच्या खोल्यांवर कोण जाणार? तेथे ठेकेदाराचा माणूस बसलेला असतो, तेव्हा जायचे ते कोणत्या वेळी? गोदामांत सफाईचे काम करणारे कामगार आजच्या या वर्गाला आलेले नाहीत. त्यांना कोणी बोलावले होते का, हेही विचारून घ्यावे. नव्या पत्रकाचा कन्नड मसुदा तयार आहे. मराठी मसुदा मी बरोबर आणला आहे, तो आता मोठ्याने वाचते. जेथे अडेल तेथे मला थांबवा.